हाकेच्या अंतरावरची खोली : घरात जुना मानसिक आजार असेल तर काय काय करून ठेवायचं

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. 1998 साली, 22 वर्षांचा असताना सुरुवात झाली. मी नाशिकला सिडकोत राहते, ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक मापाला येतं, टेप अंगाला लावलेली असताना हळूच विचारतं, "ताई, तुमच्या भावाचं कसं केलंत हो? आमच्याकडेही तसंच आहे." दर वेळी तेच सांगते, म्हणून आता लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं घ्यायचं हे मी सांगणार नाही. घर कसं उभं ठेवायचं, ते सांगते.

एक गोष्ट आधी. यातलं जवळजवळ सगळं काम दिवस शांत असताना करायचं असतं. माणूस दोन रात्री झोपलेला नाही, दार आतून लावून बसलाय, तेव्हा कागद शोधायला घेतले तर काहीच सापडत नाही. आमच्या वडिलांनी पंधरा वर्षं "जरा बरा होऊ दे, मग बघू" म्हणत काढली, आणि तो जरा बरा झाला की सगळ्यांना वाटायचं, आता कशाला तो विषय.

वही

मोबाइलमध्ये नको, कागदाचीच वही घ्या. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या मापांची लांबट वही असते, तसलीच एक भावाच्या नावाने केली. डाव्या पानावर औषधं: नाव, किती मिलिग्रॅम, कधी सुरू झालं, कधी बदललं, का बदललं. उजव्या पानावर रोजची एकच ओळ: झोप किती, जेवण, पोट साफ झालं का, कुणाशी बोलला का.

पोट साफ होण्याचं वाचून नवल वाटेल. भाऊ क्लोझापिन नावाची स्किझोफ्रेनियाची गोळी घेतो. त्या गोळीने बद्धकोष्ठता होते आणि ती अंगावर काढली तर आतड्यांना मोठा धोका होऊ शकतो. शिवाय त्या गोळीसाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, पहिले 18 आठवडे तर दर आठवड्याला. ते रिपोर्ट वहीच्या मागच्या खिशात. ही गोळी चालू असताना बिडी-सिगारेट एकदम सोडली तर औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून चांगली गोष्ट करतानाही आधी डॉक्टरांना सांगायचं. लिथियम (बायपोलर, म्हणजे मन टोकाचं वर-खाली होणाऱ्या आजारावरचं औषध) घेणाऱ्यांच्या घरी उन्हाळा जपावा लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम साचतं, हात थरथरतात, तोल जातो. त्यांनी जुलाब-उलट्या झाल्या तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

पण वहीचा खरा उपयोग वेगळाच निघाला. तीन वेळा त्याचा आजार उसळला, आणि तिन्ही वेळची पानं शेजारी ठेवून मी वाचली. दर वेळी आधीच्या दोन आठवड्यांत त्याच तीन गोष्टी होत्या. झोप चार तासांवर येते. चहा नको म्हणतो, पाण्याला वास येतो म्हणून. आणि वर्तमानपत्राच्या बारीक घड्या करून खिडकीच्या फटीत बसवायला लागतो. आता पहिली घडी दिसली की मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करते, भांडत नाही, घडी काढायलाही जात नाही. गेल्या सात वर्षांत भरती करावं लागलेलं नाही. तुमच्या माणसाच्या खुणा वेगळ्या असतील, पण असतील नक्की.

कोणत्या दारात जायचं

त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही योजना देशात 1996 पासून आहे आणि तिचं काम जिल्हा रुग्णालयातून चालतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. खासगी डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं औषधांवर खर्च करून थकलेली घरं मी पाहिली आहेत. औषध परवडत नाही म्हणून बंद करण्यापेक्षा जुनी चिठ्ठी घेऊन सिव्हिलला जा. दिंडोरी, निफाड, कळवण भागातल्या लोकांनी आधी आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, मनोविकारतज्ज्ञ तिथे ठरावीक वारी येतात का ते विचारावं. एक फेरी वाचते.

रात्री-अपरात्री बोलायला 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाला. लोकांना वाटतं तो फक्त आजारी माणसासाठी. घरच्यांनीही करायचा. माझ्या आईने एकदा पहाटे तीनला केला होता, "मला आता हे होत नाही" एवढंच सांगायला. तिला ऐकून घेणारं कुणी मिळालं, सकाळी तिने चहा टाकला. जिवाला धोका असेल तर मात्र 108 ची रुग्णवाहिका किंवा 112.

देवाधर्माबद्दल विचारतात. आम्हीही वणीला गेलो, त्र्यंबकेश्वरला विधी केले. आईला त्याने धीर आला आणि मी तो तिच्याकडून काढून घेणार नाही. नियम एकच केला: गोळीचा डबा देवळातही सोबत. कुणी म्हणालं की "आता औषध बंद करा", तर तिथून उठायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

प्रमाणपत्र, आणि आईचं उत्तर

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, मानसिक आजार त्यात आहे. अर्ज स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर भरायचा, सायबर कॅफेवाला भरून देतो. मग सिव्हिलमध्ये तपासणी. 40 टक्के किंवा जास्त आले तर बहुतेक सवलती मिळतात. अनेक घरं यातच अडतात: "कार्ड काढलं की शिक्का बसेल." शिक्का गल्लीने कधीच मारलेला असतो. कार्डाने निदान हक्क तरी मिळतो.

तपासणीत चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं, आणि काम. आजार किती वर्षांचा तेही धरतात. पहिल्या वेळी आम्ही त्याला इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, अंघोळ स्वतः करतो का? आई म्हणाली, "करतो हो, सगळं करतो." खोटं नव्हतं. पण पाणी आई तापवायची, बादली आई भरायची, टॉवेल घेऊन मोरीच्या दाराशी उभी राहायची. "साबण लाव. आता पाठ. आता पाणी घे." एवढं झालं की त्याची अंघोळ व्हायची. हे रोज होतं म्हणून आईला ते दिसतच नव्हतं. वर चारचौघांत मुलाची उणीव कोणती आई सांगेल? टक्के चाळीसच्या खाली आले.

दुसऱ्या वेळी मी वही नेली. प्रश्नाला "करतो" किंवा "करत नाही" असं उत्तर दिलं नाही. कोण पाणी काढतं, किती वेळा सांगावं लागतं, सांगितलं नाही तर किती दिवस जातात, हे सांगितलं. तुम्हीही तसंच सांगा. वाढवून नको, झाकूनही नको. आणि त्याच्यासमोर सांगायचं असेल तर आदल्या दिवशी त्याच्याशी बोलून घ्या. मी त्याला म्हटलं, "उद्या मी तुझ्या त्रासाचं सांगणार आहे, तुझ्याबद्दल वाईट नाही." तो म्हणाला, "सांग. पण बिडीचं नको सांगू." नाही सांगितलं. निकाल पटला नाही तर अपील करता येतं, तोही मार्ग कायद्यात आहे.

कार्ड आलं की घरातला जो कोणी प्राप्तिकर भरतो त्याला, जुन्या करपद्धतीत, सांभाळत असलेल्या दिव्यांग माणसासाठी (1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 80डीडी) 75 हजारांची वजावट मिळते. 80 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 1 लाख 25 हजार. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. महापालिकेला बजेटमधले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, त्यातून सध्या काय चालू आहे ते शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात जाऊन विचारा. सरकारी घरकुल योजनांत 5 टक्के राखीव आहेत, तिथे हेच कार्ड लागतं.

इथे एक गैरसमज काढते, कारण त्यात माझे चार महिने गेले. कुणी सांगितलं, कलेक्टर ऑफिसातून नॅशनल ट्रस्ट कायद्याखालचं पालकत्व, म्हणजे भावाच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर हक्क, काढा. तो 1999 चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर त्यात बसत नाहीत. त्याच ट्रस्टचा निरामय विमाही मग मिळत नाही. मात्र 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साध्या आरोग्य विम्यात मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा लागतो. विमा एजंट "हे कव्हर होत नाही" म्हणाला तर ते लेखी मागा.

पेन्शन

ज्यांच्या घरात सरकारी पेन्शन आहे त्यांनी हे दोनदा वाचावं. आमचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या छापखान्यातून, निवृत्त झाले. केंद्र सरकारच्या नियमांत, मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. पण मुलाचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र पेन्शनच्या कागदांत असावं लागतं, आणि त्याच्या वतीने पैसे कुणी घ्यायचे हे पेन्शनरने किंवा त्याच्या जोडीदाराने आधीच लेखी दिलं तर पुढचं बरंच सोपं होतं. वडील गेले तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. आईने ते 70 व्या वर्षी केलं, रिक्षाने तेरा फेऱ्या मारून. तुमचे वडील चालतेफिरते असतील तर या आठवड्यात विषय काढा.

भरती करायची वेळ आली तर

2004 साली आम्ही त्याला "मामाकडे जाऊ" सांगून गाडीत बसवलं आणि दुसऱ्या गावच्या एका केंद्रात सोडून आलो. महिनाभर भेटायला बंदी होती. भेटलो तेव्हा डोक्याचा चमनगोटा केलेला, अंगावर गणवेश. तो माझ्याशी दोन वर्षं नीट बोलला नाही. आजही गाडीत बसण्याआधी विचारतो, "नक्की कुठे?" आणि मी पत्त्यासकट सांगते. असं फसवून कधी नेऊ नका.

मे 2018 पासून नवा कायदा, म्हणजे वर सांगितलेला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा, लागू आहे. सक्तीने डोकं भादरता येत नाही, गणवेशाची सक्ती करता येत नाही, भेटायला आणि फोनवर बोलायला मिळालं पाहिजे. भूल न देता शॉक देता येत नाहीत. माणूस स्वतःहून भरती झाला तर स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकतो. त्याला निर्णय घेणं जमत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासल्यावर भरती होते, तीही आधी 30 दिवसांपर्यंतच.

हा नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवायला वकील लागत नाही. साध्या कागदावर, बरं असताना, त्याने स्वतः लिहायचं: माझ्या वतीने माझी बहीण बोलेल. खाली सही किंवा अंगठा. भावाने लिहिला तेव्हा एक ओळ आपल्या मनाने घातली: "मला रात्री नेऊ नये." तो कागद वहीच्या पहिल्या पानाला डिंकाने चिकटवलाय.

खोली

आता घराचं. दोन खोल्यांत आई, आम्ही दोघं, दोन मुली, माझं मशीन आणि तो. मशीनचा आवाज सुरू झाला की तो कानावर हात ठेवायचा. मुलींच्या परीक्षा, त्याची रात्रीची येरझार, नवऱ्याची पहिली शिफ्ट अंबडला. कुणाचीच चूक नव्हती, तरी रोज कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं. सतत टोचून बोललेलं, आणि तसंच सतत डोळ्यांत तेल घालून मागे लागणं, या दोन्हींनी आजार उलटतो. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, मग घरात राहायचं तरी कसं? ते म्हणाले, त्याला दूर पाठवू नका, थोडं अंतर द्या.

2016 मध्ये दोन गल्ल्या सोडून एक खोली भाड्याने घेतली. तीन घरमालकांनी आजार ऐकून नाही म्हटलं. चौथे निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. मी त्यांना म्हटलं, "काका, त्याला मानसिक आजार आहे, औषध चालू आहे. भाडं 1 तारखेला मी देणार. काही वाटलं तर रात्री दोनलाही मला उठवा, पोलिसांना नंतर." ते म्हणाले, "आमच्या डेपोतही एक होता. चालेल." लपवून खोली घेऊ नका. पहिल्या वाईट रात्री सगळं उघडं पडतं आणि दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर येतं. भाडेकरार 11 महिन्यांचा, माझ्या नवऱ्याच्या नावाने, राहणारा म्हणून भावाचं नाव. पोलिसांत भाडेकरूची नोंद रीतसर केली.

खोली बघताना आम्ही काय बघितलं: तळमजला, स्वतःचा संडास, गच्चीचा जिना दारातून नको, समोर मंडळाचा मांडव पडत नाही ना. गॅस दिला नाही, विजेची किटली दिली. गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की मात्र तो दिंडोरीला मावशीकडे जातो, दरवर्षी, पंधरा दिवस. ते आधीच ठरलेलं असतं.

एकदम राहायला पाठवलं नाही. पहिले दोन आठवडे फक्त दुपारी, वाचत-पडत. मग जेवून झोपायला. तिसऱ्या महिन्यात सकाळचा चहा तिकडे. किटल्या दोन जळाल्या. रात्रीचं जेवण अजूनही सगळ्यांबरोबर आमच्याकडे, आणि रात्रीची गोळी माझ्यासमोर. सकाळची तो सात कप्प्यांच्या डबीतून स्वतः घेतो, रविवारी डबी मी भरते.

किल्ल्या दोन. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. माझी किल्ली मी उठसूट वापरत नाही. दार वाजवते, थांबते. पुन्हा वाजवते, हाक मारते. दोनदा उत्तर आलं नाही तरच किल्ली. आठ वर्षांत तीनदा वापरली. तो पहिल्याच महिन्यात म्हणाला होता, "ताई, इथे मी कडी लावली तर कुणी ओरडत नाही."

सगळ्यांना खोली परवडत नाही, हे मला कळतं. मग घरातच एक कोपरा पडदा लावून त्याचा करा, त्याच्या कपाटाची किल्ली त्याला द्या, त्या पडद्यातही विचारून जा. केंद्रात ठेवणं भागच असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र बघायला मागा, न सांगता दुपारच्या जेवणाच्या वेळी जा, आणि तिथल्या जुन्या माणसाशी एकट्याने बोला.

आणि कुणाला आजारामुळे घराबाहेर काढलं असेल, बहुतेक वेळा ती सून किंवा लग्न मोडलेली लेक असते, तर 2017 च्या कायद्याचं 19 वं कलम समाजात, घरात राहण्याचा हक्क देतं आणि त्यासाठी कायदेशीर मदत द्यायला सांगतं. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, स्त्रिया आणि दिव्यांग यांना वकील मोफत मिळतो. फोन 15100.

हरवण्याची भीती असेल तर शर्टाच्या खिशात नाव, आजार, दोन फोन नंबर लिहिलेला लॅमिनेट केलेला कागद ठेवा. येत्या सिंहस्थाच्या गर्दीत तर नक्कीच.

पाच घरं

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन बरीच वर्षं कुटुंबांचे आधारगट चालवते. तसं काही जवळ नसेल तर स्वतः सुरू करा. आम्ही पाच घरं महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळाच्या हॉलमध्ये बसतो. नियम दोनच: एकमेकांची औषधं एकमेकांना सुचवायची नाहीत, आणि बोलताना कुणाला मध्ये तोडायचं नाही. त्यातून एक चांगली सोय निघाली. आळीपाळीने एका घरचा माणूस दुसऱ्या घरी दुपारभर जेवायला जातो. माझा भाऊ एका निवृत्त मास्तरांकडे जाऊन कॅरम खेळतो, त्यांचा मुलगा माझ्याकडे येऊन काजं-बटणं करतो. तेवढे चार तास आई झोपते.

राहिलं "आमच्यानंतर कोण" हे. आईने मृत्युपत्र केलंय, भावाचा वाटा त्याच्या हातात एकरकमी न देता त्याच्यासाठी महिन्याला खर्च व्हावा असं वकिलाकडून लिहून घेतलंय. वहीच्या शेवटच्या पानावर डॉक्टर, घरमालक, मेडिकलवाला, मावशी यांचे नंबर आहेत. गेल्या दिवाळीपासून तिसरी किल्ली माझ्या थोरल्या मुलीकडे आहे. महिन्यातून एका रविवारी ती पुण्याहून येते, माझ्याऐवजी गोळ्यांची डबी भरून घेऊन जाते, दार वाजवते, आणि मामाने उघडेपर्यंत बाहेर उभी राहते.